‘डर्टी प्लेयर’ला मराठीत काय म्हणावं?

माटुंग्याच्या एका ताईंनी विचारलंय : त्यांची मुलगी बास्केटबॉल खेळते. मंडळाच्या अंकासाठी त्या एनबीएवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगवर, लेख लिहितायत. ‘डर्टी प्लेयर’साठी आधी ‘घाणेरडा खेळाडू’ लिहिलं, मग खोडलं. ‘रडीचा डाव खेळणारा’ चालेल का? आणि अशा खेळाडूच्या ‘रेप्युटेशन’ला काय म्हणायचं?

ताई, ‘घाणेरडा’ खोडलंत ते बरं केलंत. त्या शब्दाने आधी मळके कपडे नाहीतर शिवराळ तोंड आठवतं. पण ‘रडी’ही इथे बसत नाही. चाळीत लगोरी खेळताना चेंडू पाठीत बसल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकलेला असतो, आणि ज्याला बसला तो एकटा ‘लागलाच नाही’ म्हणत अडून बसतो. मग बाकीची पोरं ‘रडीचा डाव खडी’ म्हणून त्याला हैराण करतात. म्हणजे रडीत लबाडी आहे, इजा नाही. धक्का न लागताच कोसळून फाउल मागणारा खेळाडू मात्र खुशाल रडी खातो म्हणा. एनबीए २०१२ पासून असल्या सोंगासाठी खेळाडूंना दंड करते.

इजेचा प्रश्न आला की मराठी दोन वेगळे शब्द पुढे करते, आणि मला हा फरक फार मोलाचा वाटतो. ‘धसमुसळा’ म्हणजे ज्याला स्वतःच्या अंगाचा अंदाज नाही; लागतं, पण मनात काही नसतं. ‘खुनशी’ म्हणजे मनात धरून, नेम धरून दुखवणारा. मैदानावर पोरं ‘खुन्नस काढतोय’ म्हणतात, ती हीच. तुमचा ‘डर्टी’ म्हणजे खुनशी. १९८९ आणि १९९० चे विजेते डेट्रॉइट पिस्टन्स ‘बॅड बॉइज’ म्हणून ओळखले जात. त्या अख्ख्या संघाला मी ‘आडदांड’ म्हणेन. ‘खुनशी’ एकेका कृतीसाठी राखून ठेवेन.

कारण हेतू बाहेरून दिसत नाही. २०१७ च्या मे महिन्यात सॅन अँटोनियो संघाचा कवाय लेनर्ड उडी मारून बास्केट करू गेला आणि उतरला तो गोल्डन स्टेट संघाच्या झाझा पचुलियाच्या पायावर. घोटा मुरगळला. तेव्हा सॅन अँटोनियो २३ गुणांनी पुढे होता. सामना ११३-१११ असा हरला. मुद्दाम केलं नाही, असं पचुलिया म्हणाला. सॅन अँटोनियोचे प्रशिक्षक पोपोविच यांनी त्याचे जुने प्रकार बाहेर काढले. पुढच्याच हंगामात खाली उतरणाऱ्याला जागा न देण्याबद्दल नियम कडक झाला. इथे तुम्ही ‘पायाखाली पाय सरकवला’ एवढंच लिहा. खुनशी की धसमुसळा, हे वाचणाऱ्याला ठरवू द्या.

आता ‘रेप्युटेशन’. ‘ख्याती’ गोड आहे, ‘कुख्यात’ म्हटलं की दरोडेखोर उभा राहतो. आपल्याकडे याहून नेमका वाक्प्रचार आहे : एकदा नाव कानफाट्या पडलं की पडलं. कानफटात मारण्याशी याचा संबंध लावू नका. कानफाटे म्हणजे कानाला चिरा देऊन मुद्रा घालणारे नाथपंथी जोगी. फाटलेला कान लपत नाही, माणूस लांबूनच ओळखू येतो. म्हणून मला हा वाक्प्रचार इथे इतका चपखल वाटतो.

गोल्डन स्टेटच्याच ड्रेमंड ग्रीनचं तसंच झालं. २०१६ च्या सात सामन्यांच्या अंतिम फेरीत गोल्डन स्टेट ३-१ ने पुढे असताना गंभीर फाउलचे दंडगुण साठून तो पाचव्या सामन्याला मुकला. संघ पुढचे तिन्ही सामने हरला. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याने प्रतिस्पर्धी संघातल्या डोमांटस सबोनिसच्या छातीवर पाय दिला. हा सबोनिस, मुंबईकरांसाठी सांगतो, २०१९ मध्ये इंडियाना पेसर्स वरळीच्या डोममध्ये खेळायला आले तेव्हा त्या संघात होता. पडल्या पडल्या त्यानेही ग्रीनचा पाय धरला होता. तरी एका सामन्याची बंदी ग्रीनवरच आली, आणि ती देताना लीगने त्याच्या जुन्या वागण्याचाही आधार घेतला. नाव कानफाट्या पडणं ते हेच, लेखी स्वरूपात.

तेव्हा ताई, माझ्या मते वाक्य असं लिहा : ‘ग्रीनचा खेळ कधी धसमुसळा, कधी खुनशी, पण नाव एकदा कानफाट्या पडल्यावर पंचांची नजर आधी त्याच्याकडेच वळते.’