वाचकांचे प्रश्न : सॉफ्टबॉलचा ज्यादा सराव किती असावा?

प्रश्न : माझी मुलगी 12 वर्षांची असून दोन वर्षांपासून सॉफ्टबॉल खेळते. संघाचा सराव आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास असतो आणि रविवारी बहुधा सामना असतो. संघातल्या काही मुली घरीही सराव करतात असे कळल्यापासून आम्ही तिच्याकडून रोज संध्याकाळी तासभर पिचिंग (बॅटरला चेंडू टाकणे) आणि बॅटिंग करून घेतो. सुरुवातीला ती आनंदाने करायची, आता मात्र टाळाटाळ करते. गेल्या महिन्यात सामन्याच्या दिवशी सकाळी तिने दोन वेळा पोट दुखत असल्याचे सांगितले. आमच्याकडून अती होत आहे का? नेमका किती ज्यादा सराव योग्य ठरेल?
— एक पालक

उत्तर : आपण दिलेल्या माहितीची आधी बेरीज करू. संघाच्या सरावाचे सहा तास, सामन्याचे साधारण दोन तास आणि घरचे सात तास मिळून आठवड्याचे 15 तास होतात आणि त्यात पूर्ण विश्रांतीचा एकही दिवस नाही. मुलांच्या खेळातील दुखापतींचा अभ्यास करणारे डॉक्टर एक सोपा निकष सांगतात : शिस्तबद्ध सराव आणि सामने यांचे आठवड्याचे एकूण तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत. या हिशोबाने आपल्या मुलीची मर्यादा 12 तासांची आहे, म्हणजे घरच्या सरावासाठी चार तास उरतात. हे चार तास ही कमाल मर्यादा आहे, ती भरून काढलीच पाहिजे असे मुळीच नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2007 मध्ये केलेल्या शिफारशींनुसार एकच खेळ आठवड्यातून जास्तीत जास्त पाच दिवस खेळावा, एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी असावी आणि वर्षातून दोन ते तीन महिने त्या खेळापासून लांब राहावे. ही रजा एकेक महिन्याच्या तुकड्यांतही घेता येते. सरावात वाढ करायची असेल तर ती एका आठवड्यात दहा टक्क्यांहून अधिक असू नये, असेही त्यांनी सुचवले आहे. आपण मात्र आठ तासांवरून एकदम 15 तासांवर उडी घेतली आहे.

माझे स्वतःचे मत विचाराल तर 12 वर्षांच्या मुलीला संघाच्या सरावाखेरीज आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येकी वीस ते तीस मिनिटे पुरेशी आहेत. एवढ्याशा वेळात काय साधणार, अशी शंका आपल्या मनात येईल, म्हणून एका प्रयोगाची माहिती देते. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाविद्यालयीन बेसबॉल खेळाडूंना नेहमीच्या सरावाव्यतिरिक्त आठवड्यातून दोनदाच, प्रत्येक वेळी 45 चेंडूंचा बॅटिंगचा सराव सहा आठवडे देण्यात आला. एका गटाला वेगवान, वळणारे आणि फसवे संथ असे तीन प्रकारचे चेंडू ओळीने, पंधरा-पंधरा करून टाकले गेले, तर दुसऱ्या गटाला तेच चेंडू कोणताही क्रम न ठेवता मिसळून टाकले गेले. ज्यादा सराव न केलेल्या गटाची प्रगती सुमारे 6 टक्के होती, ओळीने खेळणाऱ्यांची सुमारे 25 टक्के आणि मिसळून खेळणाऱ्यांची सुमारे 57 टक्के. चेंडूंची संख्या दोन्ही गटांत सारखीच होती. फरक पडला तो पुढचा चेंडू कोणता येईल याचा प्रत्येक वेळी नव्याने विचार करावा लागल्यामुळे. घरच्या सरावाला हेच सूत्र लावावे. टीवर (चेंडू ठेवण्याच्या उभ्या रबरी दांड्यावर) चेंडू ठेवून एकाच उंचीवर शंभर फटके मारून घेण्यापेक्षा दर दोन-तीन फटक्यांनंतर टीची उंची आणि जागा बदलून तीस फटके मारलेले बरे.

सराव कुठे थांबवायचा हे मुलीचे शरीर स्वतःच सांगते, पण त्यासाठी आपली नजर घड्याळावर न राहता तिच्यावर असायला हवी. टीवरच्या बॅटिंगकडे नीट पाहा. पहिल्या पंधरा-वीस फटक्यांत पुढचे पाऊल पडते, मग कंबर वळते, आणि हात तिच्या मागोमाग येतात. थकवा येऊ लागला की कंबर वळायची थांबते, नुसते हात फिरतात, मागचा खांदा खाली पडतो आणि बॅट चेंडूऐवजी टीच्या रबरावर आपटते. तो आवाज दोनदा लागोपाठ आला की त्या दिवसाचा सराव संपला असे समजावे, कारण त्यापुढचा प्रत्येक फटका चुकीची सवय अंगी मुरवत असतो.

पिचिंगबाबत अधिक काळजी घ्यावी लागते. चेंडू खालून टाकायचा असतो, त्यामुळे खांद्यावर ताण येत नाही, हा समज अगदी अनुभवी मंडळींमध्येही आढळतो आणि तो चुकीचा आहे. हाताचे पूर्ण चक्र फिरवून चेंडू टाकताना खांद्यावर आणि दंडाच्या पुढच्या स्नायूवर येणारा ताण बेसबॉलमधल्या वरून टाकलेल्या चेंडूच्या तोडीचा असतो. शिवाय या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. ती हाडापेक्षा नाजूक असल्याने वारंवार पडणारा ताण आधी तिथेच जाणवतो. म्हणून पिचिंगचा हिशोब तासांत न ठेवता चेंडूंत ठेवावा. एका वहीत संघाच्या सरावातले, सामन्यातले आणि घरचे असे सगळे चेंडू लिहून काढावेत. ज्या दिवशी संघात पिचिंग झाले, त्या दिवशी घरी अजिबात नको. पिचर आणि बॅटर यांच्यामधल्या अंतराकडेही लक्ष द्यावे : पुष्कळ पालक घरी मोठ्या मुलींचे 43 फूट अंतर मोजून घेतात, 12 वर्षांखालील गटात ते सहसा 40 फूट आणि 10 वर्षांखालील गटात 35 फूट असते. लांबून टाकायला लावले की मुलगी अंगाचा झोका देऊन जोर काढते आणि तिची शैली बिघडते.

आता पोटदुखीविषयी. ती खोटी आहे असे समजून रागावू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे आणि शारीरिक कारण आढळले नाही तर ते मनाच्या थकव्याचे लक्षण असू शकते, हे ध्यानात घ्यावे. या थकव्याची तीन अंगे सांगितली जातात : विश्रांती घेऊनही न जाणारा शीण, आपल्याला काहीच नीट जमत नाही अशी भावना आणि एके काळी जिवापाड आवडलेल्या खेळाविषयी वाटेनासे झालेले प्रेम. यातले तिसरे लक्षण मला सर्वांत गंभीर वाटते, कारण दुखरा खांदा आठवड्या-महिन्यांत बरा होतो, पण उडालेले मन पुन्हा बसेलच असे नाही. मी आपल्याला आग्रहाने सांगते की पुढचे दोन आठवडे घरचा सराव पूर्णपणे बंद ठेवा आणि त्याबद्दल तिच्याशी चकार शब्द काढू नका. त्यानंतर तिने आपणहून ग्लोव्ह घेऊन "बाबा, थोडा वेळ टाकता का?" असे विचारले, तर जरूर टाका आणि ती "बस" म्हणेल तेव्हा थांबा. तिने विचारलेच नाही, तर संघाचा सराव आज तिला पुरेसा आहे, असे खुल्या मनाने मान्य करा.

प्रश्न : ताई, मी 15 वर्षांची आहे आणि संघातली एकटीच पिचर आहे. स्पर्धेत एका दिवसात दोन-तीन सामने टाकते. दीड महिन्यापासून खांद्याची पुढची बाजू दुखते. सरांना सांगितले तर जागा जाईल अशी भीती वाटते. वजन कमी केले तर वेग वाढेल असे मैत्रीण म्हणाली म्हणून जेवण कमी केले आहे. तीन महिने पाळीही आलेली नाही. मी सराव वाढवू की कमी करू?
— एक खेळाडू

उत्तर : तू हे सगळे मोकळेपणाने लिहिलेस, हे फार चांगले केलेस. आजपासून पिचिंग थांबव. दीड महिना टिकलेले दुखणे सरावाने जात नाही आणि वेदनाशामक गोळी घेऊन टाकलेला चेंडू दुखापत आणखी खोल नेतो. तीन महिने पाळी न येणे ही खेळाडूंमध्ये "चालायचेच" म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही. शरीर जितकी ऊर्जा खर्च करते तितकी अन्नातून मिळाली नाही, तर ते आधी अशी कामे बंद करते आणि पुढे हाडेही ठिसूळ होऊ लागतात. पाळी थांबण्याची इतर कारणेही असतात, म्हणून याच आठवड्यात आईला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि खांदा व पाळी या दोन्ही गोष्टी त्यांना एकत्र सांग. जेवण आजच पूर्ववत कर, कारण चेंडूला वेग देणारे पाय आणि कंबर अन्नावाचून काम करू शकत नाहीत. तुझ्या वयाला रोज आठ ते दहा तास झोप लागते, तीही मोजून घे.

सरांना सांगायची भीती मी समजू शकते, कारण तुझ्या वयात मीही पिचर होते आणि असेच दुखणे एक अख्खा हंगाम लपवले होते. पुढचा हंगाम मला मैदानाबाहेर बसून काढावा लागला. बोलायला जड जात असेल तर या पत्रातला तुझा प्रश्न सरांना वाचायला दे. हात विश्रांती घेत असताना बॅटर पुढचे पाऊल कधी टाकते, कोणत्या चेंडूवर फसते याच्या नोंदी स्कोअररच्या शेजारी बसून ठेव. हा पिचरचाच अभ्यास आहे आणि खांद्याला त्याचा काहीही ताण नाही.

प्रश्न : संघातल्या दोन मुली खरोखरच स्वतःहून ज्यादा सराव मागतात. त्यांना अडवावे का?
— एक शालेय प्रशिक्षक

उत्तर : अडवू नये, मात्र दिशा बदलून द्यावी. फेकण्याचे आणि पिचिंगचे प्रमाण आहे तेवढेच राहू द्यावे आणि ज्यादा वेळ बेसवरची धाव, पायांची हालचाल, हलक्या चेंडूने जवळून घेतलेले ग्राउंडर (जमिनीलगत येणारे चेंडू) यांसाठी द्यावा. आठवड्यातून एक दिवस त्यांना पोहणे, बास्केटबॉल असे काही तरी निराळे खेळू द्यावे. आठवड्याच्या सुट्टीबाबत मात्र त्यांनी कितीही गळ घातली तरी माघार घेऊ नये. त्या दिवशी मैदानाची किल्ली आपल्याच खिशात असू द्यावी.