तिला तिची खोलगट बाजू सापडू दे

प्रिय,

तू पाठवलेला, स्कोलिओसिस म्हणजे कण्याला बाजूने बाक असलेल्या बारा वर्षांच्या मुलीचा एक्स-रे पाहिला. कॉब अँगल, म्हणजे एक्स-रेवर मोजलेला बाक, १६ अंश; रिसर, म्हणजे कमरेच्या हाडावरून कळणारी वाढीची पायरी, ०; पाळी अजून सुरू नाही. म्हणजे उंचीची मोठी वाढ व्हायची आहे आणि बाक वाढतो तो याच काळात. म्हणून तिच्या आईला "व्यायामाने पाठ सरळ होईल" असं सांगितलंस ते मला खटकलं. बाक आहे तिथेच थोपवला तरी आपण जिंकलो. चार अंश कमी दिसले तर आनंद मान, पण एवढा फरक मोजण्यातही पडतो हे विसरू नकोस.

सगळ्यांना देतो तो पाठीच्या व्यायामांचा कागद तिला देऊ नकोस. कणा नुसता बाजूला झुकत नाही, मणके स्वतःभोवती पिळले जातात आणि बरगड्यांनाही सोबत नेतात. पुढे वाकल्यावर दिसणारा फुगवटा हाच. या बाकासाठी व्यायामपद्धत घडवणाऱ्या कॅथारिना श्रॉथ यांना स्वतःलाच स्कोलिओसिस होता. दबलेल्या बाजूत श्वास भरण्याची त्यांची रीत मी आजही वापरते. खोलगट बरगड्यांवर तीन बोटं ठेव, दाबू नकोस. म्हण, "माझी बोटं बाहेर ढकल." आधी ती खांदे उचलेल, पोट फुगवेल. घाई करू नकोस. केव्हातरी बोटांखालची बरगडी हलकेच उघडते आणि मुलगी चमकून तुझ्याकडे बघते. ती जागा तिला आरशात बघून सापडली पाहिजे, मग आरशाशिवाय, मग लिहायला बसल्यावरही. माझ्या मते खरा उपचार तिथून सुरू होतो.

घरी रोज वीस मिनिटं पुरेत, पण रोज. खेळ बंद करू नका.

आणि आईसमोरच तिला सांग, की हा बाक वाकून बसल्याने किंवा दप्तराने आलेला नाही, तिची काही चूक नाही. "ताठ बस" ऐकून ऐकून ही मुलं आपल्याच पाठीवर रुसलेली असतात. रुसलेल्या मुलाकडून व्यायाम होत नाही गं.

बाक वाढत २५ अंशांकडे गेला, तर डॉक्टरांकडे ब्रेससाठी, म्हणजे धडाला आधार देणाऱ्या कडक पट्ट्यासाठी, पाठवायला एक दिवसही लावू नकोस. ब्रेस लागला म्हणजे तुझे व्यायाम फुकट गेले असं नाही, ते ब्रेससोबतही चालूच राहतात.

पुढचा एक्स-रे डॉक्टर सांगतील तेव्हा, साधारण सहा महिन्यांनी. तोवर स्कोलिओमीटरचं (पाठीचा पीळ मोजायच्या साधनाचं) माप आणि उंची दर महिन्याला वहीत लिही. उंची भराभर वाढू लागली, की तिला आठवड्याला बोलव.

तुझी,
ताई