रेसिड्यू लॅबमधे क्यूसीला टाकतायत, ऑफर घेऊ का?

आधी पत्र काय आहे ते थोडक्यात सांगते. एमएस्सी अॅनालिटिकल केमिस्ट्रीच्या शेवटच्या सेमिस्टरला असलेल्या एका मुलीला दोन ऑफर आल्यात, एक औषध कंपनीच्या क्यूसीतली म्हणजे क्वालिटी कंट्रोलमधली आणि दुसरी पेस्टिसाइड रेसिड्यू म्हणजे भाज्या-फळांमधले कीटकनाशकांचे अंश तपासणाऱ्या लॅबमधली, पण तिथेही इन्स्ट्रुमेंटवर नाही, क्वालिटी कंट्रोलला. सिनियर म्हणतात क्यूसी म्हणजे फायली आणि सह्या, चार वर्षांनी हातात काहीच उरत नाही. आईला भीती की पोरगी दिवसभर विषात हात घालणार. क्यूसीतून पुढे कुठे जाता येतं तेही विचारलंय. आणि अगदी खाली एक ओळ आहे, प्रोजेक्टमधे पालकाच्या भाजीच्या सँपलमधे एका कीटकनाशकाची रिकव्हरी (टाकलेल्यापैकी किती परत मोजलं गेलं ते) 131 टक्के आली तर गाइडनी "108 लिहून टाक" असं सांगितलं, मॅडम नोकरीतही असंच असतं का?

अगं, ती शेवटची ओळ तू जाता जाता लिहिलीयस, पण मला वाटतं खरं पत्र तेवढंच आहे. म्हणून तिथूनच सुरू करते.

तू लिहिलंयस की कीटकनाशक नसलेल्या पालकात ठराविक प्रमाणात टाकलं, एक्स्ट्रॅक्शन केलं, जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) चालवलं आणि कॅलिब्रेशन नुसत्या सॉल्व्हंटमधल्या स्टँडर्डवर, म्हणजे माहीत प्रमाणाच्या द्रावणावर, केलं. आता बघ काय होतं ते. जीसीच्या इनलेटमधे जो काचेचा लायनर असतो त्याच्यावर काही जागा अशा असतात की तिथे कीटकनाशकाचे रेणू चिकटतात किंवा तुटतात. नुसतं सॉल्व्हंटमधलं स्टँडर्ड टाकलं की त्यातला काही भाग तिथेच अडकतो, पीक (आलेखावरचा उंचवटा) लहान येतं. पालकाचा अर्क टाकला की पालकातलाच बाकीचा माल त्या जागा अडवून बसतो आणि कीटकनाशक सुखरूप पुढे जातं, पीक मोठं. मग मोठ्या पीकची तुलना तू लहान पीकशी केलीस तर शंभराच्या वर जाणारच की. याला मॅट्रिक्स एन्हान्समेंट म्हणतात (मॅट्रिक्स म्हणजे भाजीतला बाकीचा माल) आणि जीसीवर हे इतकं नेहमीचं आहे की 131 बघून पहिला संशय मी यावरच घेतला असता. दुसरी कारणंही असू शकतात, स्पाइक करताना म्हणजे कीटकनाशक टाकताना पिपेट चुकणं, आधीच्या इंजेक्शनमधला उरलेला माल पुढे येणं (कॅरीओव्हर), तुझा "ब्लँक" पालक खरं तर ब्लँक नसणं. पण प्रत्येक कारण एकेका छोट्या प्रयोगात तपासता येतं. 108 लिहिलं की तपासायला काही उरतच नाही. (एलसी-एमएसवर, म्हणजे लिक्विड क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटरच्या जोडीवर, बहुतेक वेळा उलटं होतं, अर्कातला माल आयनीकरणात आड येतो आणि सिग्नल दबतो, म्हणून तिथे रिकव्हरी उगाच कमी दिसते.)

म्हणजे तुला क्यूसी काय असतं ते प्रोजेक्टमधेच भेटलंय, कुणी नाव सांगितलं नाही एवढंच.

आता रोजच्या कामाबद्दल, कारण "फायली आणि सह्या" म्हणणाऱ्या सिनियरने बॅच लावताना उभं राहून बघितलेलं दिसत नाही. बहुतेक रेसिड्यू लॅबमधे 2003 साली आलेली कॅचर्स पद्धत किंवा तिचं एखादं रूप चालतं, बारीक केलेलं 10 ग्रॅम सँपल, 10 मिली अॅसिटोनायट्राइल, क्षार, जोरात हलवणं, सेंट्रिफ्यूज, क्लीनअप, मग एलसी-एमएसएमएस आणि जीसी-एमएसएमएस. एका रनमधे दोनशे-तीनशे रेणू शोधले जातात. आणि कुठल्या पातळीला? युरोपात ज्या कीटकनाशकाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला सरसकट 0.01 मिलिग्रॅम प्रति किलो लागते, म्हणजे एक टन टोमॅटोत मिळून 10 मिलिग्रॅम. एवढ्याशा आकड्यावर अख्खा माल परत जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक बॅचसोबत साक्षीदार पाठवावे लागतात. रीएजंट ब्लँक, मॅट्रिक्स ब्लँक, स्पाइक केलेलं सँपल, सुरुवातीला आणि शेवटी कॅलिब्रेशन, की मधे मशीन सरकलं तर नाही. युरोपची सँटे नावाची गाइडलाइन आहे, युरोपबाहेरच्याही कितीतरी लॅब तीच धरून चालतात, तिच्यात हे सगळं आकड्यांत दिलंय. व्हॅलिडेशनला, म्हणजे पद्धत चालते का ते सिद्ध करताना, सरासरी रिकव्हरी 70 ते 120 आणि आरएसडी (परत परत मोजल्यावर आकड्यांत पडणारा फरक) 20 टक्क्यांच्या आत, सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्टँडर्डमधला फरक 30 टक्क्यांच्या आत, ब्लँकमधला सिग्नल रिपोर्टिंग लिमिटच्या (रिपोर्टमधे देता येणाऱ्या सगळ्यात छोट्या आकड्याच्या) 30 टक्क्यांहून जास्त नको, रिटेन्शन टाइम (रेणू बाहेर यायची वेळ) स्टँडर्डच्या 0.1 मिनिटाच्या आत, आयन रेशो (रेणूच्या तुकड्यांचं आपसातलं प्रमाण) 30 टक्क्यांच्या आत. हे पाठ कोणीही करतं. पण सगळं लिमिटमधे असूनही उत्तर चूक असू शकतं, आणि क्यूसीवाल्याचा पगार खरं तर त्या जागेसाठी असतो.

एक उदाहरण देते, यावर मी इंटरव्ह्यूत मुलांना अडकवायचे. समजा फ्रीजरमधल्या स्टॉकच्या बाटलीतलं कीटकनाशक हळूहळू तुटतंय, उरलंय ऐंशी टक्केच. त्याच बाटलीतून तू कॅलिब्रेशन बनवलंस आणि त्याच बाटलीतून स्पाइक केलंस. रिकव्हरी किती येईल? छान येईल, 98 वगैरे, कारण दोन्हीकडे तोच कमी झालेला माल आहे. पण ग्राहकाच्या सँपलचा आकडा खऱ्याच्या सव्वा पट जाणार आणि कंट्रोल चार्टवर (रोजच्या क्यूसी आकड्यांच्या आलेखावर) एकही ठिपका हलणार नाही. हे पकडायला नवीन स्टॉक बनवला की जुन्याशी तुलना करावी लागते (दोघांच्या सरासरीत 10 टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको), दुसऱ्या कंपनीचं स्टँडर्ड आणून बघावं लागतं, आणि प्रोफिशिअन्सी टेस्टिंगमधे (पीटी) उतरावं लागतं जिथे सगळ्या लॅबना एकच सँपल पाठवतात आणि तुझा आकडा ठरवलेल्या आकड्यापासून किती लांब ते झेड-स्कोअरने सांगतात. झेड 2 च्या आत म्हणजे ठीक, 3 किंवा वर म्हणजे नापास. युरोपियन पीटीत टार्गेट डेव्हिएशन, म्हणजे झेड 1 इतकं अंतर, 25 टक्के धरतात, म्हणजे झेड 2 ला सुद्धा तू ठरलेल्या आकड्यापासून निम्म्याने लांब असतेस! पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हे फारच ढिलं वाटलं होतं, नंतर ट्रेस लेव्हलला स्वतः काम केल्यावर वाटलं बरोबर आहे बाई.

आणि माझी स्वतःची फजिती. मी नवीन असताना एका लॅबमधे डायथायोकार्बामेट गटाची टेस्ट बघायचे, मँकोझेब वगैरे. ही बुरशीनाशकं थेट मोजत नाहीत, सँपल स्टॅनस क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक अॅसिडमधे तापवायचं, त्यातून कार्बन डायसल्फाइड सुटतो, तो जीसीवर मोजायचा. एक कोबीचं सँपल पॉझिटिव्ह आलं. ब्लँक क्लीन, रिकव्हरी मस्त, मी सही केली, रिपोर्ट गेला. पिकवणारा फोनवर शांतपणे म्हणाला की मी हे औषध वापरलेलंच नाही, आणि मी मनात म्हटलं सगळे असंच म्हणतात. मग आमच्या टेक्निकल मॅनेजरने एकच प्रश्न विचारला, ब्लँक कशाचा होता? टोमॅटोचा. कोबीवर्गातल्या भाज्यांमधे स्वतःचेच गंधकाचे संयुग असतात आणि त्यातूनही कार्बन डायसल्फाइड सुटतो. न फवारलेला कोबी आणून चालवला तर त्यालाही सिग्नल. रिपोर्ट मागे घेतला, त्या माणसाला फोन मीच केला. त्या बॅचची फाइल अगदी टापटीप होती गं, चेकलिस्टला सगळीकडे टिक, आणि ब्लँक चुकीच्या भाजीचा.

आता "नोकरीतही असंच असतं का". काही ठिकाणी असतं, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी साडेसहाला सेल्सवाला येऊन उभा राहतो, माल बंदरावर थांबलाय, 0.012 चं 0.009 होईल का बघा ना. लॅबसाठीच्या आयएसओ 17025 या मानकाच्या 2017 च्या आवृत्तीत निःपक्षपातीपणावर वेगळं कलमच आहे की व्यावसायिक आणि पैशाच्या दबावाने निकाल बदलता कामा नये, पण कलम भिंतीवर फ्रेम करून लावलं म्हणून दबाव जात नाही. अमेरिकेत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला एका खासगी रेसिड्यू लॅबमधे वर्षानुवर्षं डेटा बनवल्याचं उघड झालं, त्या आकड्यांवर कीटकनाशकांच्या मर्यादा ठरणार होत्या, कंपन्यांना अभ्यास परत करावे लागले आणि मालकाला शिक्षा झाली. तिथेही कोणीतरी पहिल्यांदा एखाद्या ज्युनियरला "एवढं अॅडजस्ट कर" म्हटलंच असेल. तुझ्या गाइडना मी त्या माणसांच्या रांगेत बसवत नाहीये, त्यांना सबमिशनची घाई असेल, पण 131 आणि 108 मधलं अंतर तुला टोचलं हे मला आवडलं. ज्याला टोचत नाही त्याने क्यूसीत येऊ नये.

दोन ऑफरमधलं काय. औषधाच्या क्यूसीत तुला माहीत असतं की गोळीत काय आहे, आकडे टक्क्यांत, पद्धत फार्माकोपियात म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात छापलेली, डॉक्युमेंटेशनची शिस्त जबरदस्त, ती आयुष्यभर उपयोगी पडते आणि कंपन्याही भरपूर. रेसिड्यूत रोज सँपल वेगळं, आज मिरची उद्या चहा परवा तीळ, काय सापडेल माहीत नाही, आणि पीपीबीला, म्हणजे अब्जात एक भाग या पातळीला, काम. ज्याला ठरलेलं काम बिनचूक करायला आवडतं त्याने पहिली घ्यावी, त्यात कमीपणा काहीच नाही. तुझं पत्र वाचून मला तू दुसऱ्या जातीची वाटतेस, पण एका अटीवर, पहिलं वर्षभर तरी बेंच आणि इन्स्ट्रुमेंटवर हात चालला पाहिजे. स्वतः कधी एक्स्ट्रॅक्शन न केलेला क्यूसीवाला खरंच फायलीत अडकतो, तिथे सिनियरचं म्हणणं खरं आहे.

म्हणून एचआरला नाही, लॅबच्या टेक्निकल मॅनेजरला तीन गोष्टी विचार. क्यूसीला बॅच रिजेक्ट करायचा अधिकार आहे की फक्त कळवायचा? मागच्या पीटीत कुठे चुकलात आणि मग काय केलंत? (कधीच चुकलो नाही म्हणाले तर जरा सावध हो.) आणि मला बेंचवर किती महिने ठेवणार? उत्तर देताना माणूस चिडला की समजायचं. पगाराचा फरक तू लिहिला नाहीस म्हणून त्यावर बोलत नाही, पण घर चालवायची जबाबदारी तुझ्यावर असेल तर तोही विचार कर, त्यात लाजायचं काय.

पुढचा रस्ता विचारलायस. मेथड व्हॅलिडेशन, मेझरमेंट अनसर्टन्टी आणि कंट्रोल चार्ट या तिन्हीवर हात बसला की तीन-चार वर्षांत क्वालिटी मॅनेजर किंवा टेक्निकल मॅनेजरकडे जाता येतं, नंतर अॅक्रेडिटेशनसाठी असेसर, पीटी चालवणाऱ्या संस्था, रेफरन्स स्टँडर्ड बनवणाऱ्या कंपन्या, इन्स्ट्रुमेंट कंपन्यांत अॅप्लिकेशन, किंवा जीएलपी (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस) अभ्यासांची क्वालिटी अॅश्युरन्स. आत्ता सुट्टीत सँटे गाइडलाइन वाचून काढ, नेटवर फुकट आहे, आणि स्टॅटिस्टिक्स पक्कं कर, एक्सेलमधे स्वतःच्या प्रोजेक्टच्या आकड्यांचा चार्ट काढता आला तरी सुरुवातीला पुरे.

आईंना सांग की स्टँडर्ड मिलिग्रॅममधे असतात आणि बहुतेक काम त्याच्या हजारो पट पातळ द्रावणावर होतं. जपायचं ते वजन करताना आणि अॅसिटोनायट्राइलच्या वाफेपासून, म्हणजे फ्यूम हूड चालू आहे ना आणि ग्लोव्हज चढवलेत ना हे बघायचं. ऑफर लेटर घ्यायला जाशील तेव्हा हूडखाली टिश्यू धरून बघ ओढला जातोय का, चक्क बघ, कोणी हसलं तर हसू दे.

आणि सबमिशनला अजून वेळ आहे म्हणतेस ना, मग ब्लँक पालकाच्या अर्कात स्टँडर्ड बनव आणि तोच सेट परत चालव. गाइडना सांग की 108 लिहिण्याआधी एक रन द्या, बहुतेक गाइड नाही म्हणत नाहीत. रिकव्हरी खाली आली तर 131 आणि नवीन आकडा दोन्ही थिसिसमधे टाक, शेजारी शेजारी, कारणासकट. नाही आली तर मला पिपेटचं कॅलिब्रेशन कधी झालं होतं ते कळव, मग पुढचं बघू.