घरात कॉम्प्युटर नाही, मग कम्प्युटेशनल थिंकिंग कशाला?

प्रश्न: माझी मुलगी सातवीत आहे. पालकसभेत सांगितलं की आता मुलांना कम्प्युटेशनल थिंकिंग शिकवणार. आमच्या घरात कॉम्प्युटर नाही, मोबाईल एकच आणि तोपण ह्यांच्याबरोबर होडीवर जातो. क्लासवाले म्हणतात कोडिंग लावा, फी ऐकूनच घाम फुटला. मासळीच्या धंद्यातल्या घरात ह्याचा काय उपयोग?
– एक आई, हर्णै

उत्तर: ताई, पहिलं म्हणजे क्लास लावू नका, निदान आत्ता तरी नको. कोडिंग वेगळं आणि हे वेगळं. मोठं काम छोट्या तुकड्यांत फोडायचं, त्यात काय परत परत येतंय ते बघायचं, नको ते बाजूला टाकायचं आणि दुसऱ्या कोणालाही जमेल अशा पायऱ्या लिहायच्या, एवढंच आहे ते, आणि ह्याला वही-पेन पुरतं. 2006 साली जेनेट विंग नावाच्या अमेरिकेतल्या कॉम्प्युटरच्या प्राध्यापक बाईंनी एका छोट्या लेखात हेच मांडलं, की वाचणं, लिहिणं, हिशोब ह्यांच्या जोडीला हेही प्रत्येक मुलाला यायला हवं, फक्त इंजिनिअर होणाऱ्यांना नाही. आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ते आलंय, म्हणून शाळेत आता गडबड चाललीय.

आता उपयोग. तुमच्याकडे जुनी माणसं भरतीची वेळ कशी काढतात ते मुलीला विचारायला सांगा. तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, झाली भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पक्ष कुठलाही असो, हिशोब तोच. वारा, पाऊस, खाडीत किती आत आहात, सगळं सोडून दिलंय आणि फक्त तिथी धरलीय, तरी अंदाजाला चालतं. अशा ठरलेल्या पायऱ्यांच्या हिशोबालाच अल्गोरिदम म्हणतात, आणि तो कॉम्प्युटर नसलेल्या माणसांनी केलाय!

पण खरी मजा पुढे आहे. पौर्णिमेला पंधरा तिथी धरली की सव्वाअकरा येतात, दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण. एका दिवसात दीड तासाची उडी? समुद्र असं करत नाही, भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. मग चूक कुठे? नियम तिथीमागे 45 मिनिटं धरतो, तिथी दिवसाहून जराशी छोटी असते म्हणून खरी सरासरी तिथीमागे 48 च्या आसपास पडते, दर तिथीची तीन मिनिटं साठत साठत पौर्णिमेपर्यंत पाऊण तास होतो. हे तिला आधी सांगू नका हां. पंधरा दिवस जेटीवरची भरतीची खरी वेळ वहीत लिहू दे, बाजूला हिशोबाची वेळ, आणि फरक का वाढतोय ते तिचं तिला शोधू दे. नियम कुठे चुकतो ते पकडणं, मग तो सुधारून परत तपासणं, प्रोग्रामर लोक दिवसभर हेच करतात, आणि ही सवय डिझेलचा हिशोब मांडताना किंवा विज्ञानाचा प्रयोग फसल्यावरही कामाला येते. ह्याने पोरगी सगळ्याच विषयांत पहिली येईल असं मात्र कोणी सांगितलं तर ऐकू नका.

कधी शाळेतला कॉम्प्युटर मोकळा मिळाला की स्क्रॅच बघा, ठोकळे जोडून प्रोग्राम करायला शिकवतं, फुकट आहे, अमेरिकेतल्या एमआयटीने मुलांसाठी 2007 मध्ये आणलेलं. लिथुआनियातून सुरू झालेल्या बेब्रास ह्या कम्प्युटेशनल थिंकिंगच्या स्पर्धेतली कोडीपण छान असतात, बरीच कागदावर सुटतात. शाळेतल्या सरांना म्हणावं, लाइट गेली तरी तास घ्या.