व्यालेल्या मादीला ताप, कास कडक, पिल्ले उपाशी: वराहपालकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी निवडलेले प्रश्न एकाच काळाविषयीचे आहेत. मादी व्याली, पिल्ले जिवंत निघाली आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत तिची प्रकृती बिघडली. पाच प्रश्नांपैकी एकाही प्रश्नात मादीचे तापमान लिहिलेले नाही, म्हणून आधी एक विनंती करतो. शेडमध्ये थर्मामीटर नसेल तर तो आजच आणावा आणि मादी व्याल्यापासून तीन दिवस सकाळ-संध्याकाळ गुदद्वारात लावून तापमान पाहावे. पुढची बहुतेक उत्तरे त्या आकड्यावर अवलंबून आहेत.

प्रश्न: माझी लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीची मादी तिसऱ्या वेतात ११ पिल्ले व्याली. दुसऱ्या दिवशी तिने खुराक सोडला. ती पोटावर पालथी पडून राहते आणि पिल्ले जवळ आली की हुसकावते. कास गरम आणि कडक लागते. काय करावे? (एक वराहपालक, सातारा जिल्हा)

उत्तर: ही लक्षणे कासदाह, गर्भाशयदाह आणि दूध आटणे यांच्या एकत्रित आजाराची आहेत. पशुवैद्यक त्याला ‘एमएमए’ म्हणतात. नावात तीन गोष्टी असल्या तरी प्रत्येक मादीत तिन्ही दिसतात असे नाही. दूध कमी होणे मात्र जवळजवळ नेहमीच असते आणि पिल्ले त्यानेच दगावतात. मादी पालथी पडते याचा अर्थ तिला पिल्लांची माया नाही असा कृपया घेऊ नका. सुजलेल्या कासेला पिल्लाचे तोंड लागले की तिला तीव्र वेदना होतात, म्हणून ती सड अंगाखाली झाकून घेते.

निरोगी प्रौढ मादीचे तापमान साधारण ३८.५ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. व्याल्यानंतर ते थोडे चढते, त्यामुळे मादी खात-पीत असेल आणि पिल्लांना पाजत असेल तर ३९.४ हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. तापमान ३९.५ च्या वर आहे आणि तिने खाणेही सोडले आहे, किंवा ते ४० अंशांवर (१०४ अंश फॅरनहाइट) गेले आहे, असे दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवावे. सकाळी दिसलेला ताप ‘उद्यापर्यंत पाहू’ म्हणून सोडणे पिल्लांना परवडत नाही.

या आजाराचे मूळ बहुतेक वेळा आतड्यात, कासेत किंवा गर्भाशयात वाढलेल्या ई. कोलाय या जिवाणूंमध्ये असते. त्यांचे विष रक्तात मिसळले की ताप चढतो आणि दूध तयार करायला लावणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक घटते. गाभण काळाच्या शेवटी मादी फार लठ्ठ असणे, विष्ठा खड्यांसारखी घट्ट होणे, पाणी अपुरे मिळणे, गाळा ओला व घाण असणे आणि उन्हाळ्यातील उकाडा ही सर्व या जिवाणूंना साथ देणारी कारणे आहेत. डुकराला अंगभर घाम येत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये व्यालेल्या मादीला हा धोका अधिक असतो.

प्रतिजैविक कोणते व किती दिवस द्यायचे हे तपासणीनंतर पशुवैद्यकच ठरवतील. त्यासोबत सूज आणि वेदना कमी करणारे औषध द्यावेच लागते, कारण वेदना थांबल्याखेरीज ती कूस बदलून पिल्लांसमोर सड मोकळे करणार नाही. या कामासाठी मेलॉक्सिकॅम चांगले आहे. कोणी जुन्या सवयीने डायक्लोफिनॅक आणून दिले तर ते घेऊ नये. औषध दिलेले जनावर मेल्यावर ते खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, म्हणून जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये आणि किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांवर २०२३ मध्ये आपल्या देशात बंदी आली.

तुमच्या हातातले काम औषधाइतकेच मोलाचे आहे. मादीला दर तीन-चार तासांनी हळुवार उठवून चार पावले चालवावे; उठल्यावर ती पाणी पिते, मूत्रविसर्जन करते आणि पोटही मोकळे होते. दूध देणाऱ्या मादीला दिवसाला २० ते ४० लिटर पाणी लागते. स्वयंचलित निपल (तोंडाने दाबल्यावर पाणी देणारी तोटी) असेल तर भांडे आणि घड्याळ घेऊन मोजावे; मिनिटाला सुमारे दोन लिटर पाणी आले पाहिजे. निपलमधून पाणी ठिबकत असले म्हणजे मादीला पाणी मिळते असे नव्हे. आजारी मादी थोडा वेळ प्रयत्न करून पुन्हा आडवी होते. खुराकात गव्हाचा कोंडा भिजवून द्यावा. कास कोमट पाण्याने शेकून हलक्या हाताने चोळावी आणि पिल्ले तिच्यापासून पूर्ण तोडू नयेत, कारण त्यांच्या ढुसण्यांनीच पान्हा सुटतो. ज्या मादीला हा आजार एकदा झाला तिला पुढच्या वेतात व्यायच्या आठवडाभर आधी साबणाच्या पाण्याने धुऊन, विशेषतः कास आणि मागचा भाग स्वच्छ करून, कोरड्या व निर्जंतुक गाळ्यात न्यावे, आणि शेवटचे तीन-चार दिवस खुराक कमी करून कोंडा वाढवावा.

प्रश्न: मादी आठ पिल्ले व्याली आणि थांबली. वार पडली नाही म्हणून दुकानातून ऑक्सिटोसिन (कळा वाढवणारे औषध) आणून दोनदा टोचले. आता तिसऱ्या दिवशी तिच्या निरणातून दुर्गंधीयुक्त स्राव येतो. आणखी एक इंजेक्शन द्यावे का? (कोल्हापूर जिल्हा)

उत्तर: देऊ नये. आज पशुवैद्यकांकडून आतून तपासणी करून घ्यावी. गाईम्हशींमध्ये वार अडकणे नित्याचे आहे. डुकरिणीत नुसती वार अडकून राहणे विरळा असते. शेवटच्या पिल्लानंतर साधारण चार तासांत तिची वार पडते. ती पडली नाही आणि मादी अजून कळा देते आहे किंवा अस्वस्थ आहे, असे दिसले तर आत पिल्लू राहिले असल्याचा संशय पहिल्यांदा घ्यावा. आत आडवे पडलेले पिल्लू असताना ऑक्सिटोसिन दिले तर गर्भाशय बंद वाटेवर जोर लावत राहतो. त्यात तो थकतो आणि कधी फाटतोही. त्यामुळे आधी हात घालून वाट मोकळी आहे हे पाहणे आणि मगच इंजेक्शन, हा क्रम कधीही उलटा करू नये. मोठ्या मात्रेनेही लाभ होत नाही, कारण या औषधाचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो. पशुवैद्यक गरज पडल्यास लहान मात्रा काही वेळाने पुन्हा देतात.

पुढच्या वेळेसाठी प्रत्येक पिल्लाची वेळ भिंतीवर खडूने लिहून ठेवावी. दोन पिल्लांमध्ये साधारण १५ ते २० मिनिटे जातात. पाऊण तास उलटला, मादी कळा देते आहे आणि पिल्लू येत नाही, तर मदत हवी आहे असे समजावे. हात घालणाऱ्याने नखे कापलेली असावीत, मादीचा मागचा भाग आणि स्वतःचा हात खांद्यापर्यंत साबणाने धुतलेला असावा, लांब हातमोजा व भरपूर वंगण असावे. हातमोजा तुमच्यासाठीही आवश्यक आहे, कारण ब्रुसेल्ला व लेप्टोस्पायरा हे जिवाणू वारेतून आणि स्रावातून माणसाला लागू शकतात. हात घातलेल्या मादीला नंतर ताप येतो का, याकडे अधिक लक्ष द्यावे. प्रसूतीनंतर तीन-चार दिवस थोडा, वास नसलेला, पांढुरका स्राव आला आणि मादी खात असेल तर उपचारांची गरज नसते. तुमच्या मादीचा दुर्गंधीयुक्त स्राव त्यात बसत नाही.

प्रश्न: मादीला उपचार सुरू आहेत, पण दूध अगदी कमी आहे. पिल्ले जगवायची कशी? (पालघर जिल्हा)

उत्तर: डुकराच्या पिल्लाला गर्भात असताना आईकडून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत, ती सर्व चिकातून मिळतात आणि जन्मानंतर सुमारे २४ तासांत आतड्यांची ती शोषण्याची क्षमता संपते. एका पिल्लाला या काळात किमान २५० ग्रॅम चीक लागतो. जन्मतः त्याच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, म्हणून उपाशी पिल्लू काही तासांतच गार पडते, रक्तातील साखर उतरते, ते थरथरते आणि मग उबेसाठी आईच्या अंगाखाली जाऊन चिरडले जाते. आपण ‘मादीने पिल्लू दाबले’ असे म्हणतो, पण बऱ्याचदा ते पिल्लू आधी उपाशी असते.

दुसरी मादी एक-दोन दिवसांच्या अंतराने व्याली असेल तर पिल्ले तिच्याकडे लावणे हा सर्वांत चांगला उपाय आहे. आईकडे थोडा तरी चीक असेल तर तो आधी त्यांना मिळू द्यावा आणि नंतर हलवावे. नव्या आईच्या पिल्लांमध्ये त्यांना तासभर एकत्र ठेवले, म्हणजे वास मिसळतो आणि ती त्यांना सहसा ओळखून दूर करत नाही. तिच्याकडे जितके चालू सड आहेत तितकीच पिल्ले लावावीत.

दुसरी मादी नसेल तर गाईचा ताजा चीक मिळवावा; डुकरिणीच्या चिकाची पूर्ण जागा तो घेत नाही, पण ऊर्जा देतो आणि काही प्रमाणात संरक्षणही देतो. नंतर गाईचे दूध अंगाच्या उष्णतेइतके कोमट करून पहिल्या दिवशी दर एक-दोन तासांनी २० ते ३० मिलिलिटर, उथळ भांड्यातून किंवा बाटलीने पाजावे. डुकरिणीचे दूध गाईच्या दुधाहून बरेच घट्ट व स्निग्ध असते, म्हणून गाईच्या दुधात पाणी घालू नये. रात्रीची पाळी चुकवू नये. डुकरीण स्वतः पाजते तेव्हाही पिल्ले साधारण तासाला एकदा पितात. तिच्या कासेत गाईसारखी दूध साठवणारी पोकळी नसल्याने पान्हा सुटला की दहा ते वीस सेकंदच दूध वाहते. सर्व पिल्ले सडाला चिकटलेली दिसतात म्हणजे ती पितात असे मानू नये. पोट भरलेली पिल्ले झोपतात, उपाशी पिल्ले भांडतात, ओरडतात आणि त्यांची कूस आत गेलेली दिसते.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते, तर मादीला २० अंशांच्या आसपासचे वातावरण मानवते. म्हणून संपूर्ण गाळा तापवू नये. कोपऱ्यात पेटी ठेवून, दिवा लावून पिल्लांची वेगळी ऊब करावी. तिसऱ्या दिवशी लोहाचे २०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन प्रत्येक पिल्लाला द्यावेच, कारण त्यांना रोज सुमारे सात मिलिग्रॅम लोह लागते आणि आईच्या दुधातून जेमतेम एक मिलिग्रॅम मिळते.

प्रश्न: मादीला ताप नाही, ती व्यवस्थित खाते, पण कास भरलीच नाही आणि दूध नाही. खुराकात घरची बाजरी आहे. बाजरीचा काही संबंध असेल का? (बीड जिल्हा)

उत्तर: संबंध असू शकतो, आणि आपण खुराकाचा उल्लेख केला हे फार चांगले झाले. फुलोऱ्याच्या वेळी पाऊस व ढगाळ हवा राहिली की बाजरीवर अरगट हा बुरशीचा रोग पडतो. शेतकरी त्याला चिकटा म्हणतात, कारण आधी कणसावर मधासारखा चिकट द्रव दिसतो. नंतर दाण्यांच्या जागी बुरशीच्या काळपट, कठीण गाठी तयार होतात; त्यांना अरगटाच्या पेशी म्हणतात. त्यांतील विषारी द्रव्ये प्रोलॅक्टिन दाबतात. त्यामुळे मादी बाहेरून निरोगी दिसते, पण तिची कास मऊ आणि चपटी राहते, ही या विषबाधेची खूण आहे. यात प्रतिजैविकाचा उपयोग नाही. ती बाजरी लगेच बंद करावी आणि या वेतातील पिल्ले वर सांगितल्याप्रमाणे वाढवावीत. या वेताचे दूध परत येईलच असे गृहीत धरू नये. मूठभर बाजरी २० टक्के मिठाच्या पाण्यात टाकून पाहावी, म्हणजे अरगटाच्या पेशी वर तरंगतात. ही केवळ तपासणी आहे. ते खारट धान्य जनावरांना घालू नये, कारण पाणी कमी पडले तर मीठ डुकरांना विषासारखे बाधते. गाभण मादीला शेवटच्या महिन्यात अशी बाजरी किंवा बुरशी आलेला मका मुळीच देऊ नये.

प्रश्न: व्याल्यापासून मादी मागच्या पायांवर उभी राहत नाही. आम्ही हॉटेलचे उरलेले अन्न घालतो. (सत्तरी, गोवा)

उत्तर: आधी ताप पाहा. ताप नसेल तर तीन शक्यता उरतात: कॅल्शियम एकदम घटणे, मऊ पडलेले हाड मोडणे किंवा मोठे पिल्लू निघताना कंबरेतील मज्जातंतू दबणे. कॅल्शियमच्या कमतरतेत पशुवैद्यकांच्या इंजेक्शनने मादी लवकर उठते. मोडलेल्या हाडाला उपचार नाही आणि तिला वेदनेत ताटकळत ठेवणे योग्य नाही. तपासणी होईपर्यंत खाली जाड कोरडे गवत घालावे, दिवसातून चार-पाच वेळा कूस बदलावी आणि पाणी तोंडापर्यंत न्यावे.

हॉटेलच्या अन्नात भात, पाव आणि तेल भरपूर असते, पण कॅल्शियम फार कमी असते. रोजच्या आहारात खनिज मिश्रण हवेच. त्याहून गंभीर बाब म्हणजे, मादीला ४१ अंशांच्या आसपास ताप असेल, कान व पोटाची कातडी लाल-जांभळी दिसत असेल आणि कळपातली इतर डुकरेही मलूल असतील, तर हा प्रसूतीचा आजार समजू नये. भारतात २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात प्रथम आढळलेला आफ्रिकन स्वाइन फीव्हर उष्ट्या अन्नातील डुकराच्या मांसातून पसरू शकतो आणि त्यावर उपचार नाही. अशा वेळी एकही डुक्कर बाहेर नेऊ वा विकू नये आणि जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याला तातडीने कळवावे. हॉटेलचे अन्न घालणे थांबवावे. ते शक्य होईपर्यंत निदान अर्धा तास ढवळत उकळल्याशिवाय ते गव्हाणीत टाकू नये, आणि कच्चे अन्न आणण्याची बादली व उकळलेले वाढण्याची बादली वेगवेगळी ठेवावी.