रिकाम्या प्लॉटवरची रुई

नागपूर, एप्रिलचा शेवटचा आठवडा

बेटा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. इथे उन्हाळ्यात फोटो काढण्यासारखं काही उरत नाही, पैसे साठले की जैसलमेर गाठायचं आणि वाळवंटातली झाडं-प्राणी टिपायचे, असा तुझा बेत दिसतो. जा की. पण त्याआधी एकदा गच्चीवर चढ आणि तुमच्या लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटकडे बघ. पारा 45 ला टेकलाय, पळस फुलून गेला, बोरीवर बोटभर धूळ. त्यात एक झुडूप मात्र हिरवं आणि वर फुललेलं. रुई.

नागपूर वाळवंटात नाही, मान्य. वर्षाचा पाऊस 1000 मिलिमीटरच्या वर जातो. पण तो जवळपास सगळा चार महिन्यांत पडून मोकळा होतो. मग मे महिन्यातल्या झुडपाला त्याचं काय? आपल्या कूलरच्या खोक्यावर 'डेझर्ट' छापलेलं असतं, ते उगाच नाही. थरमध्ये तुला जी रुई भेटेल ती बहुतेक लहान जातीची, पाकळ्या उभ्या आणि टोकाला जांभळ्या. आपली मोठी रुई, हिच्या पाकळ्या सपाट पसरलेल्या किंवा मागे वळलेल्या. हा फरक इथे डोळ्यांत बसला की तिथे पहिल्याच दिवशी कामाला येईल.

आता माझी एक फजिती सांगतो. मीही तुझ्याएवढा असताना मला सुकलेलं काही आवडायचं नाही. हिंगणा रोडला एका पडीक प्लॉटवर भर मे महिन्यात, सकाळी दहाला, मी रुईच्या पानांवरची धूळ फडक्याने पुसली आणि इस्त्रीच्या स्प्रेने वर पाण्याचे थेंब मारले. फोटो सुरेख आला. शेजारी शेळ्या चारणारा म्हातारा बराच वेळ बघत होता. म्हणाला, "काहून जी, मे महिन्यात दव पडते का?" तो फोटो मी तरीही एका स्पर्धेला पाठवला. परीक्षकांनी तारीख विचारली आणि हसून बाजूला ठेवला. म्हाताऱ्याने फुकट सांगितलेलं मी प्रवेश फी भरून ऐकलं.

त्यात मी पुसून काय टाकलं होतं, ते नंतर कळलं. रुईच्या पानावर पांढरट पिठासारखी लव असते. बोट फिरवलं की ती निघते. ऊन परतवायला झाडाने केलेली ती सोय आहे, आणि मी तीच घाण समजून साफ केली. म्हणून सांगतो, झाडाला आंघोळ घालू नकोस. लव, धूळ, किडीने खाल्लेली कड, सगळं राहू दे. उन्हाळ्याचा फोटो काढतेस तर त्यात उन्हाळा दिसायला हवा.

आणि एकाच रुईपाशी बस. मी एका झुडपापाशी लागोपाठ तीन सकाळी बसलो होतो, ते काळ्या भुंग्याच्या पायासाठी. रुईच्या फुलात मधोमध एक पाच कोनांचा खांब असतो, मुकुटासारखा. त्याच्या कडांना बारीक फटी. भुंगा मध प्यायला बसला की पाय ठेवायला जागा शोधतो, पाय फटीत सरकतो आणि अडकतो. मग तो हिसका देतो. पाय सुटतो, पण सोबत परागाच्या दोन चिमुकल्या पिवळ्या थैल्या लोंबकळत बाहेर येतात. दुसऱ्या फुलावर तोच पाय फटीत गेला की थैली तिथे राहते. रुईचा पराग भुकटीसारखा उडत नाही, असा पार्सलने जातो. सुमारे दोनशे फ्रेम उडवल्या, त्यातल्या एकीत थैली नीट दिसते. भुंगा काळाकुळीत, त्याने फ्रेम भरली की कॅमेरा फसतो आणि सगळंच उजळ करतो. एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजेड, पाऊण स्टॉप (उजेडाचं माप) खाली आण. फुलाची फिकट पाकळीही वाचेल.

अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी महागडी मॅक्रो लेन्स आत्ता घेऊ नकोस. जुनी 50 एमएम लेन्स कॅमेऱ्याला उलटी लावायची रिंग थोडक्यात मिळते. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, ते मात्र लेन्सवरच्या कडीने फिरवता आलं पाहिजे. एफ 8 किंवा 11 वर ठेव आणि फोकसची कडी विसर, स्वतःच पुढेमागे हल. सावली कडक पडायला लागली की पांढऱ्या पतंगी कागदाचा ताव काड्यांना चिकटवून उन्हाच्या आड धर. संक्रांतीचा उरलेला चालतो.

पानं उलटून बघ. प्लेन टायगर फुलपाखरू खालच्या बाजूला एकेक सुटं अंडं घालतं. त्याची काळी-पांढरी-पिवळी पट्टेदार अळी शोधायला फार वेळ लागत नाही. रंगीत नाकतोड्याची पिल्लं दिसली तर हात लावू नकोस, ती पिचकारी मारतात. शेंग फुटली असेल तर सूर्याकडे तोंड करून बस. म्हातारी, म्हणजे शेंगेतलं केसाळ बी, उडताना तिचा एकेक केस पेटल्यासारखा दिसतो. शटर 1/1000 सेकंदापेक्षा हळू नको, वारा नसला तरी.

चिकाचं मात्र नीट ऐक. रुईचं पान तुटलं की पांढरा चीक येतो. तो बोटाला लागला, बोट व्ह्यूफाइंडरला लागलं आणि मग डोळा तिथे टेकला, तर पुढचे दोन दिवस डॉक्टरकडे. मी गेलोय. पाण्याची एक बाटली फक्त हात धुण्यासाठी वेगळी ठेव.

पक्ष्यांच्या मागे इतक्यात लागू नकोस. नऊनंतर जमिनीवरची हवा थरथरते, लांबचा फोटो मऊ, म्हणजे अस्पष्ट येतो, त्याला कुठल्याही किमतीची लेन्स उपाय नाही. आणि टिटवी डोक्यावर ओरडत फिरायला लागली, तर समज की तिची अंडी तुझ्या पायांजवळच कुठेतरी उघड्या मातीत आहेत. ती दुपारी अंड्यांवर सावली धरून उभी असते, पोटाची पिसं भिजवून आणते. तू तिला दहा मिनिटं लांब ठेवलंस तर ऊन काय करेल, ते सांगायला नको. आल्या पावली, त्याच वाटेने मागे फिर.

रविवारी साडेपाचला आमच्या कोपऱ्यावर ये. दुपट्टा बांध, खिशात कांदा ठेवलास तर तुझी आजीही खूश. साडेआठला परत, नंतर आमच्याकडे पन्हं. आणि पतंगी कागद घेऊन ये. माझा ताव उंदराने कुरतडलाय.

तुझा,
काका