दिवाळीच्या सुट्टीत वर्षावन कुठलं बघावं?

या महिन्यातल्या टपालात अर्ध्याहून जास्त पत्रं जंगलाची आहेत, आणि नवल म्हणजे एकाही पत्रात वाघ नाही. सगळ्यांना वर्षावनात जायचंय. बरं वाटलं. सगळ्यात लांब पत्र आधी घेते.

प्रश्न : ताई, आम्ही चौघं. मी, नवरा, अकरावीतली मुलगी आणि 68 वर्षांच्या सासूबाई. ताडोबा, पेंच झालं, आता मुलीला वर्षावन बघायचंय. दिवाळीत आठ-नऊ दिवस मिळतील, खर्च चार लाखांपर्यंत. टूरवाला कोस्टारिकाच्या मागे लागलाय (वरचे पैसे हप्त्याने द्या म्हणतो!). नणंद बोर्निओ करून आलीय, ती म्हणते तिकडे प्राणी नुसते रांगेने दिसतात. आणि आमचे हे म्हणतात, आपली आंबोली काय वाईट आहे, पाऊस तर तेवढाच पडतो! आम्ही कुठे जावं?
— एक वाचक, खारघर

उत्तर : तुमच्या यजमानांपासून सुरुवात करते, कारण त्यांचं अर्धं बरोबर आहे. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढा पाऊस जगातल्या कितीतरी वर्षावनांच्या नशिबी नाही. पण तो जून ते सप्टेंबर कोसळतो आणि मग जवळजवळ मे अखेरपर्यंत तोंड दाखवत नाही. झाडाला वर्षाच्या बेरजेशी काय करायचंय? त्याला मधले कोरडे महिने काढायचे असतात. सह्याद्रीत जसजसं दक्षिणेला जावं तसतसे हे महिने कमी होत जातात. आपल्याकडे सात-आठ, कर्नाटकातल्या आगुंब्याला पाचेक, केरळातल्या सायलेंट व्हॅलीत आणि तामिळनाडूतल्या अनमलईच्या डोंगरांत तीन-चार. म्हणून आंबोलीत अंजनी, जांभूळ, पिसा ही सदाहरित मंडळी असली तरी ती बेताच्या उंचीची, वाऱ्यापावसाने वाकलेली. तिकडे खाली नागकेशराची आणि कुलेनियाची झाडं तीस-तीस मीटर सरळ वर जातात, आणि त्यांच्या सावलीत भर दुपारी कॅमेऱ्याला उजेड पुरत नाही. मुलीला जे बघायचंय ते हे. आंबोली पावसाळ्यात बेडकांसाठी जायची जागा आहे, दिवाळीत नव्हे.

कोस्टारिका या खेपेला सोडून द्या. भारतातून थेट विमान नाही, जायला-यायलाच तीन-चार दिवस मोडतील, अमेरिकेतून गेलात तर नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो. शिवाय ऑक्टोबर हा तिथल्या पॅसिफिक बाजूचा ऐन पावसाचा महिना. टूरवाल्याने हे सांगितलं होतं का, विचारा.

बोर्निओवर मात्र थांबावं लागेल, कारण नणंदबाई खोटं बोलत नाहीत. मलेशियाच्या सबाह राज्यात किनाबातांगान नदीत होडीतून गेलं की लांब नाकाची माकडं, धनेश पक्षी, नशीब असेल तर ओरांगउटान आणि तिथले छोटेखानी हत्ती, सगळं काठावर दिसतं. पण का दिसतं? नदीच्या दोन्ही अंगांना जंगलाची पट्टी उरलीय आणि तिच्यामागे पाम तेलाचे मळे, नजर जाईल तिथपर्यंत. प्राण्यांना जायला दुसरी जागाच नाही. त्याच राज्यातलं डॅनम व्हॅली हे 438 चौरस किलोमीटरचं अस्सल जुनं जंगल. तिथे तुम्ही सकाळभर चालाल आणि हाती लागेल एक खार, चार पक्ष्यांचे आवाज आणि मानदुखी. वर्षावनातली बहुतेक वस्ती पंधरा-वीस मीटर वर असते, आपण खाली पाचोळ्यात. ज्या टूरच्या पत्रकात प्राण्यांची 'खात्री' दिलेली असते, तिथे जंगल किती उरलंय हे आधी नकाशावर बघावं, असं मी सगळ्यांनाच सांगते.

बोर्निओला जरूर जा, पण मे महिन्यात. नोव्हेंबरपासून तिकडे ईशान्य मान्सून सुरू होतो. शिवाय डॅनममधलं राहणं महाग आहे, चौघांचं चार लाखांत बसणार नाही.

मग दिवाळीत कुठे? माझं मत वालपराई. तामिळनाडूतलं, अनमलई व्याघ्र प्रकल्पाला लागून असलेलं चहामळ्यांचं गाव. मुंबईहून कोइमतूरपर्यंत विमान, पुढे पोल्लाचीवरून शंभरेक किलोमीटर. आळियार धरणानंतर 40 वळणांचा घाट आहे आणि प्रत्येक वळणावर क्रमांकाची पाटी आहे. सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा आणि निघताना फक्त इडली खाऊ घाला.

आता तुम्ही म्हणाल, चहामळे म्हणजे जंगल तोडलेलंच की. बरोबर, ब्रिटिश काळात तोडलं. मळ्यांच्या मधेमधे वर्षावनाचे तुकडे राहिले आणि बोर्निओच्या नदीकाठासारखंच इथेही जे उरलंय ते रस्त्यावरून दिसतं. फरक एवढाच की इथे हे कुणी लपवत नाही, आणि 68 वर्षांच्या बाईंना खुर्ची टाकून बसल्या जागी धनेश बघता येतो. पुदुतोट्टमच्या तुकड्यात सिंहपुच्छ माकडं आहेत. काळा तुकतुकीत चेहरा, भोवती चंदेरी आयाळ, शेपटीला सिंहासारखा गोंडा. ती फणस कशी फोडतात ते बघण्यासारखं असतं. फळ झाडावरून न तोडता, लटकत्या जागीच पायाने घट्ट धरायचं, एका ठिकाणी दातांनी भोक पाडायचं आणि मग त्यात कोपरापर्यंत हात घालून गरे ओढायचे. चीक हाताला लागला की शेजारच्या फांदीला पुसायचा. आमच्या नौपाड्यातल्या बायका हाताला तेल लावतात, एवढंच यांना अजून कळलेलं नाही.

या माकडांना रस्ता ओलांडताना गाड्यांनी उडवू नये म्हणून नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनने झाडाझाडांत पूल बांधलेत. याच संस्थेने तिथल्या उजाड तुकड्यांत देशी झाडं लावून वर्षावन परत उभं करायचं काम कित्येक वर्षं चालवलंय. हत्ती कुठल्या मळ्यात आहेत याचे संदेश लोकांच्या मोबाईलवर जातात, रस्त्याकडेला तांबडे दिवे लागतात. तुमची मुलगी अकरावीत आहे, शास्त्र शाखेची असेल तर तिला हे बघणं जंगलाइतकंच उपयोगी. मात्र अंधार पडल्यावर मळ्यात फिरायचं नाही, बिबटे आहेत.

वालपराईत चार रात्री सलग राहा. रोज नवं गाव असा कार्यक्रम अजिबात आखू नका. दिवाळीच्या सुमारास तिकडे परतीचा पाऊस असतो, दुपारी गडगडाट होऊन दोन तास झोडपतो, म्हणून फिरणं सकाळचं आणि दुपारी पत्ते. परत येताना कोइमतूरला उतरू नका. मलक्कप्पारावरून केरळात शिरणारा रस्ता वाळच्चालच्या जंगलातून अतिरप्पिळ्ळीला उतरतो. वनखात्याच्या चौक्या आहेत, त्यांच्या वेळा आणि वाहनांचे नियम आधी फोन करून विचारा. या पट्ट्यात कादर आदिवासी राहतात. पूर्वी धनेशाच्या ढोलीतून पिल्लं काढणारे हात आता त्याच ढोल्यांची राखण आणि नोंद करतात. तिथे दोन रात्री राहून कोचीहून विमान धरा. चार लाखांतले बरेच पैसे उरतील. ते मेमधल्या बोर्निओसाठी ठेवा, हप्त्याची भानगड नको.

प्रश्न : 'इको' असं नाव लावलेल्या रिसॉर्टमध्ये आम्ही राहिलो. आत तरणतलाव, रात्री डीजे, आणि 'नेचर वॉक' म्हणजे बागेला फेरी. खरं-खोटं बुकिंगच्या आधी कसं ओळखायचं?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : संकेतस्थळ बघून कळत नाही. फोन करा आणि मॅनेजरला सोडून गाईडशी बोलायला मागा. तो कुठल्या गावचा, हे पहिलं विचारा. केरळातल्या पेरियारमध्ये 1990च्या दशकात जंगलातून दालचिनीची साल चोरणाऱ्यांवरचे खटले मागे घेऊन त्यांनाच वाटाडे केलं. त्या माणसांना प्रत्येक ओढ्याची खोड माहीत असते, कारण त्यांनी तिथे लपून रात्री काढलेल्या असतात. असा गाईड शहरातून आणलेल्या हसतमुख पोरापेक्षा केव्हाही भारी.

दुसरं, एका गाईडमागे माणसं किती. सहा-आठच्या वर उत्तर आलं तर फोन ठेवा. तिसरं, जरा आडून विचारा, 'बेडूक हातात घेऊन फोटो काढता येईल का हो?' हो म्हणाला की संपलं. पावसाळ्यात आपल्या घाटांतही हे सर्रास चालतं. झाडबेडूक उचलायचा, छानशा पानावर मांडायचा, चार टॉर्च मारायचे. बेडूक कातडीतून श्वास घेतो, पाणी घेतो, आणि आपल्या हाताला असतं डास पळवायचं मलम. तेच किंग कोब्राचं. आगुंब्याला 2005 पासून सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी सुरू केलेलं संशोधन केंद्र आहे, तिथे वर्षानुवर्षं या सापाचा अभ्यास चाललाय. 'किंग कोब्रा दाखवतो' असं जो कुणी म्हणेल त्याच्याकडे साप पिशवीत आहे असं समजा.

तरणतलावाबद्दल माझं फार काही म्हणणं नाही. पण सांडपाणी कुठे सोडता, हे विचारल्यावर पलीकडून जी शांतता पसरते ती ऐकण्यासारखी असते.

प्रश्न : जळवांची फार भीती वाटते. मीठ न्यावं की तंबाखू? काही रोग होतो का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : रोग होत नाही. खाज येते, रक्त थोडा वेळ थांबत नाही, कारण जळू चावताना रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते. तुम्ही थांबलात की पाचोळ्यातून ती उभी राहते, हवेत तोंड फिरवते आणि वीत घालत मोजत यावं तशी बुटाकडे येते. बघायला गंमत असते, खरंच. गुडघ्यापर्यंतचे दाट विणीचे जळवांचे मोजे मिळतात, ते पँटवरून चढवा. बुटाला तंबाखूचं पाणी किंवा डेटॉल चोळणारे लोक आहेत, पहिल्या ओढ्यापर्यंत उपयोग होतो. चिकटलीच तर मीठ टाकू नका, चटका तर नाहीच. ती पोटातलं जखमेत ओकते. नख आडवं धरून तोंडाकडचं टोक सरकवा, सुटते. साबणाने धुवा, पट्टी लावा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मात्र निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. (खारघरच्या सासूबाईंनीही हे वाचावं.)

प्रश्न : निवृत्त झालो. आता ॲमेझॉन बघितल्याशिवाय राहायचं नाही असं ठरवलंय. ब्राझील की पेरू?
— एक वाचक, वाशी

उत्तर : पेरू. पुएर्तो माल्दोनादोपर्यंत विमान जातं आणि तिथून होडीने तांबोपाता नदीवरच्या लॉजवर पोचता येतं. त्यातलं पोसादा अमाझोनास हे लॉज इन्फिएर्नो नावाच्या वस्तीच्या जमिनीवर आहे. 1996 साली वस्तीने पर्यटन कंपनीशी करार केला, नफ्यातला 60 टक्के वाटा वस्तीचा. वर 'इको' लिहिणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी हा करार वाचायला हरकत नाही. नदीकाठच्या मातीच्या कड्यावर पहाटे मकाव पोपट माती खायला उतरतात, त्यासाठी अंधारात निघावं लागतं. मे ते ऑक्टोबर कोरडा काळ. तेव्हाही दक्षिणेकडून मधूनच थंडीची लाट येते, म्हणून एक स्वेटर न्याच.

तिकिटाआधी लशीचं बघा. पेरूहून परत येताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो आणि पुढे आयुष्यभर चालतो. ही लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नाही. साठीनंतर ती घेताना जास्त जपावं लागतं, म्हणून आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, मग ट्रॅव्हल एजंटकडे.

प्रश्न : मी बीएस्सीला आहे. पैसे फार नाहीत. कुठे जाऊ?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : तू आंबोलीला जा. जुलैत, शनिवार-रविवार सोडून, कारण त्या दोन दिवशी धबधब्याखाली वडापावच्या गाड्या आणि भिजलेली माणसं याशिवाय काही दिसत नाही. ठाण्याहून तुतारी एक्स्प्रेसने सावंतवाडी, तिथून एसटी. 2009 साली शास्त्रज्ञांनी नोंदवलेला, अंगावर पिवळे पट्टे असलेला आंबोलीचा भेक (बेडकाचा भाऊबंद) आंबोलीच्या परिसराबाहेर जवळजवळ कुठेच सापडत नाही. पहिल्या पावसात तो डांबरी रस्त्यावर येतो आणि गाड्यांखाली चिरडला जातो, तेव्हा रात्री चालताना पायाखाली टॉर्च मारत चाल. हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात एक लहानसा मासा आहे. त्याचं शास्त्रीय नाव त्या नदीवरूनच पडलंय आणि त्याच्यासाठी 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. पाण्यात पाय घालू नकोस, काठावर बसून बघ. गावातल्या घरगुती खोल्या स्वस्त आहेत, जेवण त्यांच्याकडेच सांग. छत्री नेऊ नकोस, वाऱ्याने उलटते. रेनकोट ने, आणि वही ठेवायला दोन प्लास्टिकच्या पिशव्या, एकात एक घालून.